लाल ठिपका

"आजी, इकडे ये ना! तिथून काय दिसणारे तुला?" वल्लरीनं पुन्हा हाक मारली.

"दिसतंय मला सगळं," मुक्ताबाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. कॅलेंडरमधलंही त्यांना काही दिसत नव्हतं, पण टेबलाकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं. टेबलावर रेडिओ पाठमोरा ठेवला होता आणि अभय भिडे त्याच्या पाठीचे स्क्रू एकेक करून काढत होते.

शनिवार पेठेतल्या भिड्यांच्या घरात रेडिओ नसलेली खुर्ची मिळायला नशीब लागतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, चारधाम करतात. भिड्यांनी व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करायला घेतले. व्हॉल्व्ह म्हणजे ते काचेचे, बल्बसारखे तापणारे दिवे. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं, वल्लरीलाही सांगावं लागलं होतं. मेलेला सेट समोर आला की भिड्यांना जेवणाची शुद्ध राहत नाही, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. ती बिचारी रविवार आला की बहिणीकडे निघून जाते.

"हा याआधी कधी उघडला होता?" भिड्यांनी विचारलं.

"कधीच नाही, काका. आजोबांनी हौसेनं आणला, चार-पाच वर्षं वाजला आणि एक दिवस एकदम डेड. मग मोठ्या आजीनं तसाच देव्हाऱ्याशेजारी ठेवला."

"बंद रेडिओ पन्नास वर्षं देव्हाऱ्याशेजारी! वाजत असता तर माळ्यावर गेला असता."

वल्लरीला आज्या दोन. खडकवासल्याची मोठी आजी म्हणजे वडिलांची आई, इंदुबाई मते. आणि धायरीची आजी म्हणजे आईची आई, या मुक्ताबाई पोकळे. रेडिओ होता इंदुबाईंच्या घरचा. त्यांचे यजमान हिंदुराव धरणावर नोकरीला लागले, तेव्हा पहिल्या दिवाळीला त्यांनी तो घेतला. आणि योग कसा बघा, सातारा रस्त्यावरच्या ज्या कारखान्यात मुक्ताबाईंची उमेदीची वर्षं गेली, त्याच कारखान्यातून तो बाहेर पडलेला. ही गोष्ट मुलांची सोयरीक जमवतानाच्या चहाला उघड झाली आणि इंदुबाईंना जन्माचं खेळणं मिळालं.

"विहीणबाई, तुमच्या कंपनीचा डबा बघा की, कसा गप बसलाय!" हे वाक्य प्रत्येक सणाला ठरलेलं. बारसं असो, वाढदिवस असो, बाईंना ते म्हटल्याशिवाय घास उतरायचा नाही. वर आणखी, "जोडणारीचं ध्यान कुठं होतं त्या दिवशी कुणास ठावं!" सगळे हसायचे. मुक्ताबाईही हसायच्या. हसणार नाही तर काय करणार, मुलगी दिली होती त्या घरात! हिंदुराव मात्र भला माणूस. म्हणायचे, "एकदा दुरुस्तच करून आणतो, म्हंजी हा विषयच संपंल." आणि त्यांना अडवायच्या कोण, तर मुक्ताबाईच. "कशाला दादा? त्याचे पार्ट कुठं मिळतात आता?"

हिंदुराव गेले. रेडिओ राहिला. आणि आता या पोरीला हौस सुटली. हिंजवडीला नोकरी करते, फोनमध्ये जगभरची गाणी आहेत, पण हिला हवा आजोबांचा व्हिंटेज रेडिओ. कुठूनतरी भिड्यांचा पत्ता काढला, रेडिओ गाडीत घातला, आणि "तू तर हे बनवायचीस ना आजी, तू चलच," म्हणत आजीलाही गाडीत घातलं.

"अरे बाप रे," भिडे म्हणाले.

पाठीची फळी निघाली होती. वल्लरी किंचाळून दोन पावलं मागं सरली आणि मुक्ताबाई न राहवून उठल्या.

आत उंदराचं घर होतं. चांगलं बांधलेलं, ऐसपैस. कापसाचे पुंजके, वायरीवरच्या कापडाच्या चिंध्या, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या, आणि तांदूळ. तांदळाचा कोंडा झालेला, पण काही दाणे अजून आख्खे होते. आणि या सगळ्यावर, व्हॉल्व्हवर, तारांवर, तळाच्या पत्र्यावर हळदीकुंकवाचा थर बसला होता. होळीला कुणी आत रंग उधळला असता तरी इतका बसला नसता.

"यात तांदूळ कसे आले?" भिडे चष्मा वर करून म्हणाले. "रेडिओ आहे का कणगी?"

वल्लरीच्या डोक्यात प्रकाश पडला. "काका, मोठी आजी खंडेनवमीला त्याची पूजा करते! घरात कोयता, मोटार, शिलाई मशीन, सगळ्याची करतात ना, तशी याचीही. हळद-कुंकू, फूल आणि वर अक्षता."

"आणि अक्षता या झरोक्यातून थेट आत. दर वर्षी!" भिड्यांनी चिमट्यानं एक काळी पडलेली तार उचलली. "झालं. तांदळाला उंदीर आले, मुक्कामाला राहिले. जुन्या पार्टांवर मेण असायचं, तेही त्यांनी पोटभर खाल्लं. तारा उघड्या पडल्या, एकमेकींना चिकटल्या, आणि हा ट्रान्सफॉर्मर जळला. स्पीकरला आवाज हाच पोचवतो. म्हणजे भक्तीनं मेलेला पहिला रेडिओ बघितला मी."

"म्हणजे जोडणीत खोट नव्हती?" मुक्ताबाईंनी विचारलं. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"ते सांगाडा उलटा केल्याशिवाय कसं सांगू, आजी? वरून उंदीर दिसतोय, खाली काय काय असेल! या कंपनीच्या एका लॉटमध्ये कोरडे सांधे फार निघाले होते, असं जुने मेकॅनिक सांगायचे. तो हाच लॉट असेल तर कल्याणच."

मुक्ताबाई परत जाऊन बसल्या. निघताना वल्लरी गाडी काढायला पुढे गेली, तशा त्या जिन्यातून दोन पायऱ्या परत वर आल्या.

"उलटा कराल तेव्हा मला बोलवा," त्या म्हणाल्या. "माझ्या माघारी करू नका."

भिडे काहीतरी खवचट बोलणार होते, पण त्यांचा चेहरा बघून नुसतं "बरं" म्हणाले.

कोरडा सांधा म्हणजे काय ते मुक्ताबाईंना भिड्यांनी सांगायची गरज नव्हती. तारेला डाख देताना कथील नीट वितळलं नाही, की वरून सगळं चकचकीत दिसतं आणि आत काही धरलेलंच नसतं. सेट दुकानात वाजतो, घरी गेला की मुका होतो, कधी लगेच, कधी चार-पाच वर्षांनी.

कारखान्यात लांबलचक टेबलावर मुलींची रांग बसायची. सेट एकीकडून दुसरीकडे सरकत जायचा आणि प्रत्येकीचा कोपरा ठरलेला. मुक्ताचा कोपरा सांगाड्याच्या पोटात डावीकडे, मोजके सांधे. रोज तेच, दिवसभर तेच. बाकीच्या रेडिओत काय चालतं हे तिला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. सांधा झाला की त्यावर रंगाचा बारीक ठिपका द्यायचा. प्रत्येकीचा रंग वेगळा, म्हणजे काही बिघडलं तर कुणाच्या हातचं ते कळावं. लाल रंग आधी दुसऱ्या कोपऱ्याच्या एका मुलीकडे होता. ती शिमग्यात लग्न होऊन गेली आणि लाल मुक्ताकडे आला. काय आनंद झाला होता! लाल म्हणजे सगळ्यांत उठून दिसणारा.

गणपतीच्या सुमारास सेट परत यायला लागले. मुके. साहेब रांगेपाशी येऊन उभे राहिले. सेट उघडून बघितले म्हणे; कुणी बघितले, काय बघितलं, देव जाणे. कुणाला दाखवले नाहीत. साहेबांनी सगळ्यांदेखत बोट केलं. "या पोरीचा हात कच्चा आहे. हिला पॅकिंगला टाका." त्यानंतर तो लाल रंग पुन्हा कुणाला दिलाच नाही, अपशकुनी ठरला.

कारखाना बंद पडेपर्यंत मुक्ताबाईंनी खोकी बांधली. घरी सांगितलं, "पॅकिंगला धूर नसतो, डोळ्याला बरं." नवऱ्याला ते पटलं. पोरांना वाटायचं, आईनं रेडिओ बनवले. त्यांनी कधी 'बनवले' म्हटलं नाही; 'रेडिओत होते' म्हणायच्या. आणि खरं दुखणं साहेबांच्या बोलण्याचं नव्हतंच. साहेब खोटं बोलले असं छातीठोक म्हणता आलं असतं, तर त्यांना चार शिव्या घालून बाई मोकळी झाली असती. पण त्या वर्षी लग्न नवं होतं, पहाटे उठून पाणी भरून धायरीहून चालत यायचं, दुपारी डोळ्यांवर झापड यायची. हात हललाही असेल. कोण सांगणार? तेव्हापासून बाईंनी गॅस बंद केला तरी परत जाऊन बघितला आणि गाठ मारली तरी ओढून बघितली.

भिड्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी वल्लरीला कळवलंच नाही. धायरीहून बस पकडून स्वारगेटला उतरल्या, तिथून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं दोन गल्ल्या उगाच फिरवलं, तरी त्याच्याशी भांडल्या नाहीत. भिडे चहा टाकायला उठले, तर "नंतर," म्हणाल्या.

सांगाडा टेबलावर पालथा होता. तारांचं, पार्टांचं जंजाळ. मुक्ताबाईंनी चष्मा पुसला, लावला आणि डावीकडच्या कोपऱ्यात बघितलं. लाल! पण लगेच लक्षात आलं, शेजारचा पार्टही लाल आहे, पत्राही लाल आहे, कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा लाल आहे. इंदुबाईंच्या पन्नास वर्षांच्या भक्तीनं काही सोडलं नव्हतं.

"काय शोधताय?" भिड्यांनी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. ठिपक्याचं, शिमग्याचं, गणपतीचं, साहेबांचं. पन्नासहून अधिक वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही कुणाला, तर शनिवार पेठेतल्या एका परक्या माणसाला. बोलताना त्यांची नजर सांगाड्यावरच होती.

"म्हणजे ठिपका लाल निघाला," भिडे सावकाश म्हणाले, "तर हा त्याच लॉटमधला, आणि सांधा तुमचा."

"हो."

"नसेल तर?"

"नसेल तर चहा पिऊन घरी जाते."

भिड्यांनी ब्रश पुढे केला, पण मुक्ताबाईंनी बोट जिभेला लावलं आणि त्या कोपऱ्यातल्या पहिल्या सांध्यावरून फिरवलं. बोट लाल झालं. पुन्हा फिरवलं, पदराला पुसलं, पुन्हा फिरवलं. कुंकू निघालं. खाली ठिपका होता. तो काही निघाला नाही. बारीक, गोल, थोडा काळवंडलेला, पण लाल. शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्चीच्या हाताला धरून बसल्या.

भिड्यांनी मीटरच्या दोन्ही सुया सांध्याच्या दोन बाजूंना टेकवल्या. मीटर पीं करून ओरडला. पुढचा सांधा. पीं. पुढचा. पीं.

"मीटरचं खरं नसतं," त्या म्हणाल्या. "कोरडा असला तरी कधीकधी दाखवतो. ओढून बघा."

"अहो, तुटेल."

"तुटू दे. मला बघायचंय."

भिड्यांनी पक्कड घेतली, तार धरली आणि ओढली. हलकेच ओढली. "नीट ओढा," मुक्ताबाई म्हणाल्या. मग भिड्यांनी दात आवळून ओढली, तसा तो जडच्या जड लोखंडी सांगाडा टेबलावरून खरडत त्यांच्याकडे सरकला. चहाची किटली हलली. सांधा सुटला नाही.

दुसराही सुटला नाही, तिसराही नाही. सगळे ओढून झाले, टेबलाला चांगलाच ओरखडा पडला, आणि भिड्यांनी पक्कड खाली ठेवली.

"यांना मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "बाकीचं सगळं बदलावं लागेल. हे राहू देत."

मुक्ताबाईंचा जीव भांड्यात पडला. एकदम पडला. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती भूक. सकाळपासून पोटात काही नव्हतं याची आठवण झाली.

भिडे मात्र पडले पुण्याचे, त्यांना राहवतंय कुठलं! "पण आजी, एका सेटवरून बाकीच्या सेटांचं काही सिद्ध होत नाही हं. तुमच्या साहेबांनी दुसरा काही बघितला असेल."

"बघितला असेल. मला एक पुरे," मुक्ताबाई म्हणाल्या. "आता टाका चहा. आणि बिस्किटं असतील तर द्या."

पुढचे दोन-तीन महिने त्यांचं शनिवार पेठेत येणं-जाणं चालू राहिलं. रेडिओला लागणाऱ्या अस्सल वस्तू जगातून संपल्या होत्या, तेव्हा जे मिळेल त्यावर भागवायचं होतं. जळका ट्रान्सफॉर्मर काढून तिथं लग्नाच्या मांडवातल्या जुन्या अॅम्प्लिफायरचा बसवला. मूळचा एक व्हॉल्व्ह काही केल्या मिळेना. त्याच कामाचा दुसरा मिळाला, पण त्याच्या पायांची रचना निराळी, म्हणून भिड्यांनी त्याला खाली नवी बैठक करून दिली. स्पीकरचा फाटलेला कागद पतंगाच्या कागदानं आणि खळीनं चिकटवला. स्टेशन लावायचा काटा ज्या दोरीवर सरकतो ती दोरी उंदरानं फस्त केली होती. बाजारातला नायलॉनचा दोरा घसरायला लागला, तेव्हा मुक्ताबाईंनी गोधडीचा दोरा आणला, त्याला मेणबत्ती घासली, आणि काटा मुकाट सरकायला लागला. पुढच्या दोन कळांपैकी एक हरवली होती. तिथं काय बसवावं याचा दोघांनी पुष्कळ विचार केला आणि शेवटी भिड्यांच्या बायकोच्या मोडीत काढलेल्या शेगडीची कळ तिथं चपखल बसली.

"मारुतीला नथ घातल्यासारखा दिसतोय," बायको म्हणाली. "पण निदान माझी एक तरी वस्तू या घरात कामाला आली."

एक दिवस भिड्यांनी तापलेली सोल्डरिंग गन मुक्ताबाईंच्या हातात दिली. "हा एक तुम्ही करा. ट्रान्सफॉर्मरचा."

मुक्ताबाईंनी पदर खोचला. कथलाचा धूर नाकात गेला आणि क्षणभर सगळी रांग डोळ्यांपुढे उभी राहिली, हिरव्या ठिपक्याची, निळ्या ठिपक्याची. पण हात काही तो राहिला नव्हता. कथलाचा गोळा झाला, ओघळला, तार हलली. भिड्यांनी भिंगातून बघितलं.

"आजी, वाईट वाटून घेऊ नका. हा मात्र कच्चा आहे."

मुक्ताबाई हसायला लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग तोही सोडून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. भिडे घाबरून बघत राहिले. "कच्चा तर कच्चा!" त्या म्हणाल्या. "तुम्ही करा परत." ज्या शब्दानं जन्मभर पाठ धरली, तो आता असा समोरून आला तर नुसता शब्द होता.

रेडिओ वाजला त्या दिवशी भिड्यांनी एक प्लास्टिकची पिशवी त्यांच्या हातात ठेवली. आत उंदराचं घर होतं, तांदूळ-पाकळ्यांसकट. "तुमच्या विहीणबाईंची ठेव. पावती नको मला."

मुक्ताबाईंनी ती पर्समध्ये जपून ठेवली. कशासाठी ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. खंडेनवमीला वल्लरीच्या गाडीतून खडकवासल्याला जाताना रस्ताभर त्यांची तयारी चालली होती. आधी म्हणायचं, विहीणबाई, जरा ताट द्या. मग त्या ताटात पिशवी रिकामी करायची. मग म्हणायचं, ओळखा बघू हे काय. धायरी फाट्यापासून धरणाच्या भिंतीपर्यंत त्यांनी हे मनात इतक्या वेळा म्हटलं, की ओठ हलायला लागले.

"आजी, काही म्हणालीस?"

"काही नाही. गाडी बघून चालव."

इंदुबाईंच्या घरी अंगणात कोयते, विळे, पाण्याची मोटार धुऊन मांडलेली होती. रेडिओ देव्हाऱ्याशेजारी त्याच्या जागी गेला. घासूनपुसून चकचकीत. इंदुबाई गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्याभोवती फिरल्या.

"ह्यो कान कशाचा लावलाय? शेगडीचा?"

"मूळचा मिळाला नाही, विहीणबाई. भागवून घेतलंय."

"वाजतोय तरी का? का नुसताच नटवून आणलाय?"

"आधी पूजा करा. मग बघू."

इंदुबाईंनी ताट घेतलं. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वर ठेवलं. मग मूठभर अक्षता घेतल्या आणि हात वर नेला. मुक्ताबाईंनी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"तांदूळ नकोत."

"आं? का वं?"

"मोठी आजी, अगं तुझ्या तांदळांनीच तर..." वल्लरी सुरू झाली, पण मुक्ताबाईंनी तिच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की ती गप्प झाली.

"उंदीर येतात," मुक्ताबाई म्हणाल्या.

इंदुबाई काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी मुठीतल्या तांदळांकडे बघितलं, रेडिओच्या पाठीला भिड्यांनी बसवलेल्या नव्या जाळीकडे बघितलं, नातीच्या चेहऱ्याकडे बघितलं. मूठ तशीच राहिली.

"म्हंजी माझ्यामुळं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमचं ह्ये म्हणायचं, कंपनीनं फसवलं. लई जीव होता त्यांचा ह्याच्यावर. बातम्या ऐकल्याबिगर भाकर खात न्हवते. बंद पडला तवा दोन दिस कुणाशी बोलले न्हाईत. आणि मी आपली दर साली वरनं तांदूळ टाकतीया, बरकत ऱ्हावी म्हणून."

पर्समध्ये हात घातला की पिशवी होती. रस्ताभर घोकलेलं सगळं तोंडावर होतं. पण समोर उभी असलेली बाई, जिनं आपल्याला तीस वर्षं टोचलं, ती आता एवढीशी झाली होती. आपल्या हातून झालं की काय, हा प्रश्न माणसाचं काय करतो, ते मुक्ताबाईंइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं? त्यांनी पर्सची चेन लावून टाकली.

"तुम्ही खायला घातलंत त्याला," त्या म्हणाल्या. "मधल्या मधे उंदरानं खाल्लं, त्याला तुम्ही काय करणार? सोडा ते आता. बसा इथं."

त्यांनी शेगडीची कळ फिरवली. डायलमागं पिवळा दिवा लागला. बाकी काही नाही. इंदुबाईंचं तोंड जुन्या सवयीनं उघडलं, "बघा, गपच..." आणि आतून खर्जातली गुणगुण आली. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. गुणगुण वाढली, खरखर झाली, मुक्ताबाईंनी काटा सरकवला, आणि पुणे केंद्रावरचा एक माणूस स्वच्छ आवाजात रब्बीच्या पेरणीबद्दल सांगायला लागला.

इंदुबाई मटकन खाली बसल्या. पेरणीचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, हरभऱ्याच्या बियाण्यासकट. मधेच देव्हाऱ्यावर टांगलेल्या हिंदुरावांच्या फोटोकडे बघितलं आणि पदरानं डोळे पुसले. मग मुठीतल्या अक्षता आठवणीनं ताटात परत ठेवल्या.

"तुमी कुठलं जोडलं व्हतं ह्याच्यातलं?"

"खाली, डावीकडचा कोपरा. तेवढाच."

"तेवढा ऱ्हायला शाबूत?"

"राहिला. भिड्यांनी पकडीनं ओढून बघितला."

"कुठल्या हातानं जोडलं?"

मुक्ताबाईंनी उजवा हात पुढे केला. इंदुबाईंनी तो धरला, उलटा-सुलटा करून बघितला, ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि मुक्ताबाईंच्या अंगठ्याच्या नखावर ठिपका दिला. बारीक, गोल.

"हत्याराची पूजा हाय आज," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तरी पण आवाज घोगराच हाय हं, विहीणबाई."

"पतंगाचा कागद आहे त्याच्या घशात. एवढं चालायचंच."

जेवायला पंगत बसली. पुरणपोळी, कटाची आमटी, भात. सगळ्यांनी भात कालवायला घेतला. मुक्ताबाई ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"काय झालं? वाढू का काही?" इंदुबाईंनी विचारलं.

"एक चमचा द्या मला."

"तुमी कवापासनं चमच्यानं जेवाय लागलासा?"

"आजच्या दिवस."

इंदुबाईंनी मांडीवरच्या हाताकडे बघितलं. अंगठा वर करून ठेवलेला, वरचा ठिपका अजून तसाच. एरवी या गोष्टीवर बाईंनी दिवाळीपर्यंत चेष्टा पुरवली असती. आज त्या उठल्या, फडताळातून चमचा काढला, पाण्यानं विसळला, आणि मुक्ताबाईंच्या डाव्या हातात दिला.